क्ष-किरणांच्या खोलीतली खिदमत

गेल्या रमजानमधली गोष्ट. सहरी आटोपून अम्मी फजरच्या नमाजसाठी वुजू करायला मोरीकडे गेली आणि ओल्या फरशीवर तिचा पाय घसरला. वय पंच्याहत्तरच्या पुढे. उजवा पाय बाहेरच्या बाजूला वळलेला, कुणाला हात लावू देईना. १०८ला फोन केला. अजान झाली तेव्हा आम्ही सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात होतो आणि उजाडता उजाडता एक्स-रेच्या खोलीबाहेर, स्ट्रेचरच्या रांगेत तिसरे.

दार उघडलं आणि आतून आवाज आला, ‘‘सर, तुम्ही?’’

माझा जुना विद्यार्थी. बारावी सायन्सला माझ्या भौतिकशास्त्राच्या तासाला तिसऱ्या बाकावर बसायचा. मेडिकलचा प्रवेश दोनदा थोडक्यात हुकला, मग त्याने रेडिऑलॉजी तंत्रज्ञाचा कोर्स केला, एवढं कानावर आलं होतं. ‘राहिला बिचारा’ असं मीच तेव्हा स्टाफरूममध्ये म्हटलं होतं. त्या पहाटे मला ते वाक्य आठवलं आणि टोचलं. रमजानच्या या पानावर एक्स-रेच्या खोलीबद्दल लिहायला बसलो, त्याचं कारण तेच.

आधी त्याने काय केलं ते सांगतो. रांग मोठी होती, पण तो घाईत वाटला नाही. वॉर्डबॉयला म्हणाला, ‘‘मामा, ओढायचं नाही, चादरीसकट घ्यायचं.’’ चौघांनी चादरीची चार टोकं धरून अम्मीला टेबलावर सरकवलं. टेबल थंड होतं, त्यावर त्याने आधीच दुहेरी घडी घातलेली होती. मग माझ्या पत्नीला सांगितलं, ‘‘काकू, आधी अंगावर चादर टाका आणि मग खालून साडी वर सरकवा.’’ तेवढा वेळ स्वतः पाठ फिरवून यंत्राच्या बटणांशी उभा राहिला. अम्मी आयुष्यभर परक्या पुरुषासमोर डोक्यावरचा पदर ढळू न देणारी बाई. तिने ते पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचा ताण किंचित उतरला, तो मीही पाहिला.

पहिला फोटो समोरून. दुसरा बाजूने घ्यायचा तर एरवी पाय वळवावा लागतो. खुब्याचं हाड मोडलेलं असेल आणि पाय वळवला, तर वेदना तर होतेच, हाड आणखी सरकण्याचीही भीती. त्याने दुखऱ्या पायाला हातच लावला नाही. चांगला पाय उचलून आधारावर ठेवला आणि नळी आडवी फिरवून किरण बाजूने सोडले. अम्मीला म्हणाला, ‘‘आजी, तुम्ही हलायचं नाही. यंत्र तुमच्याकडे येईल.’’

अम्मीला काळजी वेगळीच होती. ‘‘बेटा, इस्से रोजा तो नई टूटता ना?’’

‘‘नाही आजी. फोटो बाहेरूनच निघतो, पोटात काही जात नाही. सलाईन, गोळ्या डॉक्टर सांगतील, तेव्हा काय करायचं ते मुलाला विचारा.’’

त्याला हा प्रश्न नवा नव्हता. दर रमजानला तो विचारला जातो, असं तो नंतर म्हणाला. बेरियम पाजून काढायचा फोटो असेल, तर तो रोजेदाराला आधीच सांगतो, की हे औषध प्यावं लागेल. निकडीचं नसेल तर डॉक्टरांना विचारून तारीख पुढची घेऊ, निकडीचं असेल तर थांबू नका. पोटाची सोनोग्राफी किंवा शिरेतून औषध देऊन करायचा सिटी स्कॅन असेल, तर पेशंटला उपाशीच यायला सांगतात. ‘‘माझी आई एकादशीचा दिवस बघून सोनोग्राफीची तारीख घेते,’’ तो हसत म्हणाला, ‘‘तुमच्याकडचे रोज्यात घेतात. दोघांचं गणित एकच.’’ आजारी माणसाला रोज्यातून सवलत आहे, राहिलेले रोजे नंतर भरून काढता येतात किंवा फिदया देता येतो, हे आम्ही अम्मीला त्याच सकाळी सांगितलं. तिने ऐकलं, पण पाण्याचा पहिला घोट घेताना रडली.

फोटो झाला. पडद्यावर तो काय पाहतोय, ते काचेतून मला अर्धंमुर्धं दिसत होतं. मी विचारलं, ‘‘काय आहे रे?’’

‘‘सर, डॉक्टर सांगतील.’’

मला राग आला. वर्गात ज्याला किरण शिकवले, त्याने मला एवढंही सांगू नये? तो बाहेर आला, स्ट्रेचर वळवायला हात लावला आणि मामांना म्हणाला, ‘‘पाय असाच ठेवा, उशी काढू नका. सरळ हाडांच्या डॉक्टरांकडे न्या. मी फोन केलाय.’’ त्याचं उत्तर खरं तर त्या फोनमध्ये होतं. मला ते समजायला दोन दिवस लागले.

या मंडळींच्या कामातला सगळ्यात अवघड भाग तिथे आहे, असं मला वाटतं. छातीच्या फोटोतला डाग, मेंदूतली गाठ, मणक्यात उतरलेला कर्करोग हे घरच्यांच्या आधी, कित्येकदा डॉक्टरांच्याही आधी, यांना दिसतं. निदान सांगण्याचा अधिकार त्यांचा नाही आणि तो नसावा हेही बरोबर. फोटोचा अर्थ लावायला रेडिऑलॉजिस्ट असतो, आणि अर्धवट शब्द पेशंटच्या मनात किती दिवस कुजत राहतो ते आपण जाणतो. म्हणून चेहरा सांभाळायचा. समोरची बाई विचारते, ‘दादा, ठीक आहे ना सगळं?’ आणि त्याला आवाज न बदलता म्हणायचं असतं, ‘झालं मावशी, सावकाश उठा.’ त्याने एकदा मला सांगितलं, की चांगला फोटो आला तरी तो तोच चेहरा ठेवतो. कारण चांगल्या फोटोला हसला, तर वाईट फोटोला न हसणं कळून येईल.

हे वर्गात कुणी शिकवत नाही. मी तर नाहीच. मी दरवर्षी फळ्यावर एक्स-रे ट्यूबची आकृती काढतो. तापलेल्या तारेतून निघालेले इलेक्ट्रॉन टंगस्टनवर आदळतात, त्यांच्या ऊर्जेचा जेमतेम एक टक्का भाग क्ष-किरणांत बदलतो, बाकीची उष्णता होऊन जाते. परीक्षेत हा प्रश्न येतो. विल्हेल्म रॉंटगेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी हे किरण सापडले, पहिलं भौतिकशास्त्राचं नोबेल १९०१ मध्ये त्यांनाच मिळालं, हेही येतं. त्यांनी शोधाचं पेटंट घेतलं नाही आणि बक्षिसाची रक्कम आपल्या विद्यापीठाला दिली, हे मात्र मी आपला वरून सांगतो. त्याला गुण नाहीत.

त्या सुरुवातीच्या काळात हे किरण किती घातक आहेत याची कुणाला कल्पना नव्हती. यंत्र नीट चालतंय का हे बघायला लोक स्वतःचाच हात मध्ये धरत. एडिसनच्या प्रयोगशाळेत या किरणांवर काम करणारा क्लॅरेन्स डॅली असाच गेला, १९०४ साली, दोन्ही हात कापावे लागल्यावर. जर्मनीत हॅम्बुर्गच्या एका रुग्णालयाच्या आवारात १९३६ मध्ये अशा लोकांचं स्मारक उभारलं. त्यावर सुरुवातीला १६९ नावं होती, डॉक्टरांची, शास्त्रज्ञांची, तंत्रज्ञांची आणि परिचारिकांचीही. पहिल्या महायुद्धात मेरी क्युरी यांनी एक्स-रेच्या गाड्या आघाडीपर्यंत नेल्या आणि सुमारे १५० स्त्रियांना ते काम शिकवलं. जखमी सैनिकाच्या अंगात गोळी नेमकी कुठे अडकली आहे, हे सर्जनला त्या बायका दाखवत. आपल्या गावातल्या एक्स-रेच्या खोलीत उभा असणारा मुलगा किंवा मुलगी ही त्या माणसांची वारस आहे. त्याच्या छातीवर बिल्ल्यासारखं जे काही लटकतं, ते ओळखपत्र नव्हे. अंगावर किती किरण पडले हे मोजणारा तो बॅज दर तीन महिन्यांनी तपासायला जातो. नियम अणुऊर्जा नियामक मंडळाचे आहेत. हे काम करणाऱ्यांसाठीची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट. आपल्याला सगळ्यांना जमिनीतून, हवेतून, आकाशातून मिळतं त्याची जगाची सरासरी आहे सुमारे २.४. शिशाचा अ‍ॅप्रन, काचेची भिंत आणि दोन पावलं मागे सरकण्याची सवय यांच्या जोरावर ही माणसं तीस-तीस वर्षं या खोलीत काढतात.

पेशंटलाही भीती असतेच. छातीचा एक साधा फोटो म्हणजे निसर्गातून आपल्याला काही दिवसांत जेवढं मिळतं, तेवढंच. सिटी स्कॅनचं प्रमाण त्याहून कितीतरी पट मोठं. म्हणून जो फोटो गरजेचा आहे तो घाबरून टाळू नये, आणि ‘एकदा सगळंच स्कॅन करून टाका’ असा हट्टही धरू नये. आता मुद्दा असा, की फोटो हलला, तिरका आला, श्वास नीट धरला नाही, तर तो परत काढावा लागतो, म्हणजे किरण दुप्पट. घाबरलेला माणूस हलतो. ज्याच्याशी कुणी दोन शब्द बोललं नाही, तो ‘श्वास रोखून धरा’ म्हटल्यावर नेमका सोडतो. तेव्हा आपुलकीने बोलणं हा तिथे स्वभावाचा गुण म्हणून सोडून देता येत नाही. शिशाच्या अ‍ॅप्रनइतकंच ते सुरक्षिततेचं साधन आहे.

लहान मुलांचं त्याने जे सांगितलं, ते मला फार आवडलं. छातीच्या फोटोला फुप्फुसं हवेने भरलेली हवीत. मोठ्यांना सांगता येतं. वर्षाचं मूल तर हंबरडा फोडत असतं. मग काय करायचं? रडू द्यायचं. दोन हुंदक्यांच्या मध्ये मूल खोल श्वास घेतं, तो क्षण पकडून बटण दाबायचं. ‘‘त्याचं रडणं ऐकत राहावं लागतं, सर. लय कळते मग.’’

आणि एक नाजूक गोष्ट. वयात आलेल्या प्रत्येक स्त्रीला, विशेषतः पोट आणि कमरेच्या फोटोआधी, विचारावंच लागतं, की दिवस राहिलेले नाहीत ना? पाळी कधी आली होती? भिंतीवर पाटी असते, पण पाटी कोण वाचतं. नवी सून आणि सोबत सासू. सासूसमोर सून काय उत्तर देणार? तो सासूबाईंच्या हातात केसपेपर देतो, ‘‘मावशी, एवढा खिडकीवर शिक्का मारून आणा,’’ म्हणतो आणि तेवढ्या वेळात सिस्टरला बोलावून विचारून घेतो. एकदा अशाच एका पाठदुखीच्या मुलीने मान खाली घालून सांगितलं, की तारीख चुकलीय, घरी अजून कुणालाच ठाऊक नाही. फोटो थांबला. सासूबाई शिक्का घेऊन आल्या तेव्हा त्यांना एवढंच कळलं, की डॉक्टरांनी परत बोलावलंय. घरची गोड बातमी घरच्यांना त्या मुलीच्या तोंडून, तिच्या वेळेला कळली असेल.

मंगळसूत्राचंही तसंच. छातीच्या फोटोत गळ्यातला धातू सावली टाकतो, ताईत टाकतो, तावीजही टाकतो. ‘काढा ते’ असं ओरडलेलं आपण सर्वांनी ऐकलंय. नवरा वरच्या मजल्यावर अत्यवस्थ आहे आणि बायकोला इथे मंगळसूत्र काढायला सांगतायत, याचा तिच्या मनावर काय घाव बसत असेल? तो काढायला लावत नाही. मानेवर उंच सरकवून हनुवटीखाली चिकटपट्टीने लावतो. तावीज असेल तर पेशंटच्या मुठीत देतो. दोन्हींना अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही.

उर्दूत ‘इयादत’ असा एक शब्द आहे. आजाऱ्याच्या भेटीला जाणं, त्याची विचारपूस करणं. आमच्याकडे तिचं मोठं पुण्य मानलं जातं, आणि रमजानमध्ये लोक आवर्जून जातात. शब्दाचा अर्थ मी आजवर एवढाच घेत होतो, की फळांची पिशवी घेऊन दहा मिनिटं खाटेशेजारी बसायचं. जो रोज अनोळखी माणसाला हात देऊन उठवतो आणि त्याला पुन्हा कधी पाहतही नाही, त्याच्या कामाला कोणता शब्द लावायचा? खिदमत म्हणतो मी. त्याला विचारलं तर तो ‘ड्युटी’ म्हणतो. एकदा त्याला सरळच विचारलं, की डॉक्टर व्हायचं राहिलं याचं वाईट वाटतं का? म्हणाला, ‘‘दोन वर्षं वाटलं. मग एका रात्री अपघातातला मुलगा आला. मानेचा फोटो काढायचा होता. सगळे घाईत, कुणीतरी त्याला उठवून बसवायला निघालं. मी म्हटलं, हात लावू नका, आडवाच घेतो. मणका सरकलेला निघाला. बसवला असता तर… त्यानंतर नाही वाटलं.’’ एवढंच बोलला आणि चहा प्यायला.

मात्र हे सगळं एका माणसाच्या चांगुलपणावर सोडून द्यायचं का, हा माझा खरा प्रश्न आहे, आणि तो आपल्या शहराला आहे.

२२ मार्च २०२० रोजी संध्याकाळी पाच वाजता आपण गच्चीवर उभे राहून टाळ्या वाजवल्या. डॉक्टर आणि नर्स डोळ्यांसमोर होते. त्यानंतरच्या दीड वर्षात छातीचे स्कॅन काढून घ्यायला लोकांची रांग लागली. प्रत्येक खोकणाऱ्या पेशंटला झोपवणारा, उठवणारा आणि प्रत्येकानंतर पीपीई किटमध्ये घामाघूम होत ते यंत्र पुसणारा माणूस कुणाच्या मनात होता? क्षयाचा पेशंटही निदान होण्याआधी छातीच्या फोटोसाठी याच खोलीत खोकत उभा असतो. एमआरआयच्या दारावर खिसे तपासणारा, पेसमेकर आहे का विचारणारा तंत्रज्ञ आपल्याला कटकट्या वाटतो. २०१८ च्या जानेवारीत मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन आत गेलेला पेशंटचा नातेवाईक त्या चुंबकाच्या ओढीने प्राणाला मुकला. ती कटकट कशासाठी असते, याचं उत्तर एवढं भयानक आहे.

कायद्याने उशिरा का होईना दखल घेतली. २०२१ मध्ये संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, त्यात रेडिऑलॉजी आणि इमेजिंगचे तंत्रज्ञ आले. शिक्षणाचा दर्जा, नोंदणी, राज्यांच्या परिषदा हे सगळं त्यात आहे. कागदावरची मान्यता पगाराच्या पावतीपर्यंत कधी पोहोचते ते बघायचं. माझा विद्यार्थी अकरा महिन्यांच्या करारावर आहे. करार संपतो, दोन-चार दिवसांचा खंड पडतो, परत सही होते. रात्रपाळीला तो एकटा असतो. अपघात विभाग, वॉर्डातले पोर्टेबल फोटो, गर्भवती बाईला बाजूला घेऊन विचारणं, अम्मीसारख्या म्हातारीची चादर, सगळं त्या एकट्याने. एका पाळीत किती फोटो काढले हे रजिस्टर सांगतं. मानेचा मणका वाचला, हे कुठल्या रकान्यात लिहायचं? मागे एकदा रिपोर्टला उशीर झाला म्हणून एका नातेवाइकाने त्याची कॉलर धरली. रिपोर्ट लिहिणं त्याचं कामच नव्हतं.

आता थोडं आपल्या दानशूरपणाबद्दल, राग मानू नका. आपलं शहर देण्यात मागे नाही. जकातीचा पैसा, मंडळांची वर्गणी, व्यापाऱ्यांच्या देणग्या यांतून रुग्णालयांना यंत्रं मिळाली, उद्घाटनं झाली, मीही काहींना हजर होतो. प्रत्येक यंत्रावर देणाऱ्याच्या नावाची पाटी आहे. ते चालवणाऱ्याच्या जागेपुढे सरकारी तक्त्यात ‘रिक्त’ लिहिलेलं असतं. दुपारी दोननंतर कुलूप लागलेलं यंत्र गरिबाच्या काय कामाचं? तो रिक्षा करून खासगी सेंटरला जातो आणि उधारी करून येतो. जकात कुणाला द्यावी याचे शरियतचे नियम आहेत, त्यात मी शिरत नाही. पण सदक्याला, वर्गणीला, देणगीला अशी आडकाठी नाही. एखाद्या गरीब घरच्या मुलाची किंवा मुलीची या कोर्सची फी भरा. मुलीची तर आधी भरा. रात्रपाळीला स्त्री तंत्रज्ञ असली तर कितीतरी बायका दुखणं अंगावर काढणार नाहीत. पालकमंत्री आले, की नव्या यंत्राची मागणी करण्याआधी जुन्या यंत्रावरची माणसं कायम करायला सांगा. त्या मागणीचा फोटो पेपरात येणार नाही, हे मला ठाऊक आहे.

अम्मीचं ऑपरेशन झालं. आता वॉकरवर घरभर फिरते आणि मोरीत रबरी चटई आहे. या रमजानच्या पहिल्या आठवड्यात तिच्या खुब्याचा तपासणीचा फोटो होता. संध्याकाळची वेळ. त्याचा रोजेदार सहकारी इफ्तारला गेला होता म्हणून दोन्ही खोल्या तोच बघत होता. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला तो सहकारी त्याची पाळी बघतो. अम्मीने पदराखालून खजुराचा डबा काढून त्याच्या टेबलावर ठेवला आणि विचारलं, ‘‘बेटा, इस बार तो बताएगा ना, कैसा है?’’

‘‘डॉक्टर सांगतील, आजी,’’ तो म्हणाला. अम्मी हसली. तोही, बहुधा नियम मोडून, हसला.

निघताना त्याने मला बाजूला घेतलं. आखाती देशातल्या एका रुग्णालयाचं पत्र आलंय. पगार इथल्या कितीतरी पट, राहायला घर. इथला करार या महिनाअखेरीस संपतो. ‘‘सर, काय करू? जाऊ?’’

घरी त्याचे आईवडील थकलेत, बहिणीचं लग्न व्हायचंय. नको जाऊस, असं कोणत्या तोंडाने सांगू? जा म्हणावं, तर रात्री पुन्हा कुणाची अम्मी त्या रांगेत असेल. मी त्याला म्हटलं, ईद होऊ दे, मग बोलू.